पात्र आणि अपात्र : शेतकरी अनुदानाची भाषा आणि तिची साहित्यिक चिकित्सा

सारांश

शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होणारी शासकीय रक्कम ही गेल्या दोन दशकांतील कृषिधोरणाची प्रमुख खूण ठरली आहे. ही रक्कम जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला मिळते; जमीन जो कसतो त्याला ती मिळेलच असे नाही. प्रस्तुत लेखात कर्जमाफी व सन्मान निधी योजनांची परिभाषा, सातबारा हा दस्तऐवज आणि 'शेतकऱ्याचा असूड', 'बारोमास' व 'पीपली लाइव्ह' या तीन कलाकृती एकत्र वाचून या विसंगतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी भांडुपसारख्या उपनगरात स्थिरावलेल्या कोकणी कुटुंबांचा संदर्भ आधाराला घेतला आहे.

बीजसंज्ञा : अनुदान, पात्रता, सातबारा, कसणारा, स्थलांतर, ग्रामीण साहित्य.

१. विषयप्रवेश

शेतकऱ्याला मिळणारी शासकीय मदत हा सामान्यतः अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. किती कोटींची तरतूद झाली, किती खातेदारांना लाभ झाला, तिजोरीवर किती भार पडला, या प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहते. परंतु मदत ही केवळ रक्कम नसते. ती देण्यापूर्वी शासनाला 'शेतकरी कोण?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते व ते उत्तर भाषेतच द्यावे लागते. या दृष्टीने प्रत्येक शासन निर्णय हा शेतकऱ्याचे एक चित्रण असतो, आणि चित्रण म्हटले की ते चिकित्सेच्या कक्षेत येते.

मराठीत 'पात्र' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कथा-कादंबरीत वावरणारी व्यक्ती म्हणजे पात्र आणि लाभ मिळण्यास योग्य ठरलेली व्यक्तीही पात्रच. साहित्यात पात्र उभे राहते ते त्याच्या कृतीतून, तर योजनेत ते कागदावरील नोंदीतून. या दोन पात्रांची गाठ कोठे पडते आणि कोठे ती पडत नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

२. सातवरचे नाव, बारावरचे पीक

ज्याला बोलीत 'सातबारा' म्हटले जाते तो दोन नमुन्यांचा संयुक्त उतारा आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक असून त्यात जमिनीचा धारक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणता, याची नोंद असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही असून त्या वर्षी कोणत्या क्षेत्रात काय पिकले हे त्यातून कळते. पहिला नमुना मालकी सांगतो, दुसरा शेती सांगतो. एकाच कागदावर असल्याने या दोन गोष्टी एकच आहेत असा भास होतो.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला व ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू मानली गेली. वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, असे तिचे स्वरूप आहे. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या धारकांपुरती होती; त्याच वर्षी तिचा विस्तार सर्व जमीनधारक शेतकरी कुटुंबांपर्यंत करण्यात आला. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून तेवढ्याच रकमेची भर घातली व तिचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये वितरित झाला. प्राप्तिकर भरणारे, घटनात्मक पदांवरील व्यक्ती, चतुर्थश्रेणी वगळता आजी-माजी शासकीय कर्मचारी, दरमहा १०,००० रुपये वा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच डॉक्टर, वकील, अभियंता यांसारखे व्यावसायिक यांना केंद्रीय योजनेतून वगळले आहे.

या नियमांत वगळणुकीची यादी सविस्तर आहे, पण समावेशाची कसोटी एकच आहे : भूमी अभिलेखात नाव असणे. म्हणजे योजना नमुना सात वाचते व नमुना बारा बाजूला ठेवते. पेरणी कोणी केली, खत कोणी घातले, नुकसान कोणी सोसले, हे तिला विचारावे लागत नाही.

याउलट २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने 'शेतकरी' या शब्दाची व्याप्ती मुद्दाम विस्तृत ठेवली होती. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या कार्यातून आकाराला आलेल्या या धोरणात कूळ, बटाईदार, शेतमजूर, पशुपालक व मच्छीमार यांचाही समावेश होता. शासनाजवळ व्यापक व्याख्या नव्हती, असे म्हणता येत नाही. व्याख्या होती, परंतु पैसा वाटण्याची वेळ आली तेव्हा ती बाजूला पडली आणि हाताशी असलेली नोंद निर्णायक ठरली.

३. माफी, मुक्ती, सन्मान : शब्दांचा प्रवास

योजनांच्या नावांचा क्रम पाहिल्यास शासनाच्या भाषेतील एक स्थित्यंतर लक्षात येते. २००८ मध्ये केंद्र शासनाने कृषी कर्जमाफी जाहीर केली. 'माफी' या शब्दात अपराध गृहीत धरलेला असतो. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या शेतकरी संघटनेचा या शब्दाला तात्त्विक विरोध होता. शेतमालाचे भाव धोरणानेच पाडले जात असतील तर कर्ज हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरत नाही, म्हणून 'माफी' नव्हे तर 'मुक्ती', अशी संघटनेची मांडणी होती. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही तिची घोषणा अनुदानाच्या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह उभे करणारी होती. जागतिक व्यापार संघटनेला भारताने १९८६-८८ या आधारकाळासाठी कळवलेले पीकनिहाय साहाय्य उणे होते, ही वस्तुस्थिती जोशींच्या 'उणे सबसिडी'च्या युक्तिवादाला बळ देणारी ठरली.

राज्याच्या २०१७ च्या योजनेच्या नावात 'सन्मान' आला, डिसेंबर २०१९ च्या योजनेत 'कर्जमुक्ती' आली आणि दरम्यान केंद्राच्या निधीलाही 'सन्मान' हेच विशेषण मिळाले. टीकेचा परिणाम नावांवर झाला, हे मान्य करावे लागते. पण शब्द बदलला तरी त्यामागील व्यवहार बदलला का? 'घामाचे दाम' या मागणीत घाम आणि दाम यांचे नाते अपेक्षित होते. जो राबतो त्याच्या मालाला भाव, असा तिचा अर्थ होता. सन्मान निधीत दाम आहे, पण त्याचे नाते घामाशी न जुळता नोंदीशी जुळते.

२००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी व त्यावरील शेतकऱ्याला ७५ टक्के रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत, अशी विभागणी होती. परिणामी विदर्भातील कोरडवाहू शेतकरी, ज्याच्याजवळ क्षेत्र अधिक पण उत्पन्न कमी, तो 'मोठा' ठरून बाहेर राहिला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१३ च्या अहवालाने पात्र असूनही वगळलेल्या व अपात्र असूनही लाभ मिळालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या खात्यांकडे लक्ष वेधले. कागद आणि शेत यांतील अंतर हा येथेही कळीचा मुद्दा होता.

या परिभाषेचे सर्वांत कठोर रूप आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या मदतीत दिसते. महाराष्ट्रात २००६ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली : ३०,००० रुपये रोख व ७०,००० रुपये ठेव स्वरूपात. त्यासाठी स्वतःच्या वा कुटुंबाच्या नावावर शेतजमीन, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा या बाबी तपासल्या जातात. त्यातून 'पात्र आत्महत्या' व 'अपात्र आत्महत्या' हे शब्दप्रयोग प्रशासनात व पुढे वृत्तपत्रांत रूढ झाले. खंडाने जमीन करणारा, विनापरवाना सावकाराकडून उचल घेतलेला माणूस या भाषेत मृत्यूनंतरही शेतकरी ठरत नाही.

४. साहित्याची साक्ष

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. १८७५ चे दख्खनचे दंगे आणि १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा यांची पार्श्वभूमी त्याला होती. फुल्यांच्या विवेचनाचा रोख सावकारापुरता मर्यादित नाही. कागद ज्याच्या हाती आहे तो कारकून आणि कागद वाचू न शकणारा कुणबी यांच्यातील विषम संबंध हा त्यांच्या टीकेचा गाभा आहे. उपाय सुचवताना ते वाटपाकडे वळत नाहीत; बांधबंदिस्ती, पाण्याचा साठा, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण अशा शेतीची क्षमता वाढवणाऱ्या गोष्टी ते मागतात. डिसेंबर २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेला फुल्यांचे नाव देण्यात आले, हे त्यांच्या कार्याचे स्मरण म्हणून योग्यच. तथापि ज्या ग्रंथाने कागदाच्या सत्तेवर असूड ओढला, त्याच्या कर्त्याच्या नावाने चालणारी योजनाही खाते, आधार आणि यादी यांच्याच आधारे शेतकरी ओळखते, हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली व तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उच्चशिक्षित पण बेकार एकनाथ तनपुरे व त्याचे कुटुंब यांच्याद्वारे तिने विदर्भातील शेतीची कोंडी मांडली. नोकरीसाठी संस्थाचालकाला द्यावी लागणारी रक्कम, बियाणे-खताचा वाढता खर्च, भावाची अनिश्चितता व त्यातून उसवत जाणारे एकनाथ-अलका यांचे सहजीवन असा तिचा पट आहे. कादंबरीचे शीर्षकच या संकटाचा काळ सांगते. शेतकऱ्याची ओढाताण बारा महिन्यांची आहे. तिला हंगाम नाही. चार महिन्यांतून एकदा येणारे २,००० रुपये या काळाला पुरे पडत नाहीत. महिन्याला ही रक्कम ५०० रुपये होते आणि २०१९ पासून केंद्राच्या हप्त्यात वाढ झालेली नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ही योजना नव्हती. पण योजनेला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते तो तिने नेमकेपणाने मांडला होता. या कादंबरीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. कथनाचा केंद्रबिंदू एकनाथच राहत असल्याने अलकाकडे वाचक बहुतांशी त्याच्या नजरेतून पाहतो. शेतीच्या संकटात स्त्रीची बाजू कोणती, हा प्रश्न कादंबरीत उपस्थित होतो, पण पुरता उलगडत नाही.

अनुषा रिझवी दिग्दर्शित 'पीपली लाइव्ह' (२०१०) हा हिंदी चित्रपट या चर्चेत आवश्यक ठरतो, कारण त्याचे कथानकच नुकसानभरपाईच्या नियमावर उभे आहे. जमीन लिलावात जाण्याच्या बेतात असताना नत्था व बुधिया या भावांना कळते की आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. जिवंत नत्थाला काय मिळते? 'लाल बहादूर' या योजनेतला हातपंप. शेवटी तो मेला असे समजले जाते, पण तो मृत्यू अपघाती ठरल्याने कुटुंब मदतीस अपात्र होते. चित्रपटातील होरी महतो हे पात्र तर माती खणता खणता मरते आणि त्याची नोंद कोणत्याच यादीत होत नाही. प्रेमचंदांच्या 'गोदान'च्या नायकाचे नाव त्याला दिले असल्याने, शेतकरी म्हणून हिंदी साहित्याने ज्याला चिरंतन केले त्याच्यासाठीच प्रशासनात रकाना नाही, हा अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. चित्रपटाच्या अखेरीस नत्था शहरातील बांधकामावर मजूर म्हणून दिसतो. शेतकऱ्याची कथा अशा रीतीने शहरात येऊन थांबते.

५. भांडुपमधून दिसणारे शेत

नत्था ज्या शहरी जगात पोहोचतो, तसल्याच जगात कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे त्याच्या कितीतरी आधी आलेली आहेत. मुंबईच्या गिरण्या आणि भांडुप-मुलुंड पट्ट्यातील कारखाने यांच्या आधाराने ती स्थिरावली. भांडुप पश्चिमेचे कोकण नगर आपल्या नावातूनच हा इतिहास सांगते. येथील अनेक घरांचा एक पाय गावात असतो. गणपतीला व शिमग्याला गावी जाणे, भाऊबंदकीतील वाटण्या, वारस नोंदी व फेरफार यांसाठी तालुक्याला फेऱ्या मारणे, हा उपनगरी जीवनाचाच भाग आहे. कोकणच्या अर्थकारणाला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हटले गेले ते याच कारणाने. सरकारी अनुदान येण्याच्या कितीतरी आधी गावाकडच्या भातशेतीला आधार मिळत होता तो मुंबईतल्या मजुरीतून.

या पार्श्वभूमीवर पात्रतेचा प्रश्न वेगळाच आकार घेतो. उदाहरणादाखल एक सर्वसाधारण स्थिती विचारात घेता येईल. गावच्या सामाईक सातबाऱ्यावर चार भावांची नावे आहेत. त्यांतील दोघे मुंबईत रिक्षा चालवणे वा कंत्राटी नोकरी करतात. प्राप्तिकराच्या मर्यादेत ते येत नाहीत. गावची जमीन शेजारचा गृहस्थ अर्धेलीने करतो, किंवा मुंबईला असलेल्या नवऱ्याच्या माघारी त्याची पत्नी करते. नियमानुसार मुंबईतील भाऊ हे जमीनधारक शेतकरी आहेत. अर्धेलीने करणारा शेजारी त्या जमिनीपुरता शेतकरी नाही. लावणी, बेणणी आणि कापणी करणारी स्त्री तर आपल्या नावाने कोठेच नाही.

यात भांडुपच्या भावाचा दोष नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तो फसवणूक करीत नाही. नियमाने त्याला जे दिले ते तो घेतो, आणि त्याची स्वतःची स्थितीही हलाखीचीच असू शकते. दोष कसोटीचा आहे. गरिबीला मदत करायची असेल तर ती गरिबीच्या कसोटीवर व्हावी. शेतीला मदत करायची असेल तर ती शेती करण्याच्या कसोटीवर व्हावी. सध्याची व्यवस्था या दोन्ही कसोट्या टाळून तिसरीच, म्हणजे वारसाहक्काची, कसोटी लावते.

स्त्रियांचा प्रश्न येथे मध्यवर्ती ठरतो. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे महिला अधिवेशन भरवले व त्यानंतरच्या 'लक्ष्मीमुक्ती' अभियानात जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांविषयी २०११ चे खासगी विधेयक मांडले, पण ते मंजूर न होताच व्यपगत झाले. पुरुष शहरात आणि स्त्री शेतात ही कोकणातील स्थिती दीर्घकाळाची आहे. असे असूनही मदतीचा हप्ता नावाच्या मागे जातो व नाव बहुधा पुरुषाचे असते.

६. आक्षेप आणि पर्याय

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मालकीची नोंद पडताळता येते, कसणुकीची येत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. पण कूळ लागेल या धास्तीने पुढे जमिनी तोंडी बोलीवर दिल्या जाऊ लागल्या. कसणाऱ्याच्या हितासाठी झालेल्या कायद्याच्या छायेत नंतरचा कसणारा अदृश्य झाला, ही या इतिहासाची खंतावणारी बाजू आहे.

तरीही पर्याय नाहीत असे नाही. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन कृषिकुटुंबांनाही साहाय्याच्या कक्षेत आणले. आंध्र प्रदेशने २०१९ च्या कायद्याने पीक कसणाऱ्याला मालकी हक्क न देता अकरा महिन्यांचे अधिकारपत्र देण्याची सोय केली. त्यासाठी जमीनमालकाची संमती लागत असल्याने अनेक कुळे बाहेर राहिली, ही त्या प्रयोगाची मर्यादा होय. युरोपीय संघानेही २०१३ च्या सुधारणांत 'सक्रिय शेतकरी' ही कसोटी आणून विमानतळ, रेल्वे सेवा, कायमस्वरूपी क्रीडामैदाने यांसारख्या जमीनधारकांना थेट साहाय्यापासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. जमीन असणे आणि शेती करणे यांत फरक करण्याची गरज सर्वत्र जाणवलेली आहे.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करण्याची सोय झाली. म्हणजे नमुना बारा अद्ययावत करण्याचे साधन उपलब्ध आहे. मात्र ही नोंदही प्रामुख्याने खातेदारच्या नावानेच होते. मालकीला धक्का न लावता त्या हंगामात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव तेथे नोंदवण्याची व ते साहाय्यासाठी ग्राह्य धरण्याची कायदेशीर तरतूद झाल्यास विसंगती बऱ्याच अंशी कमी होईल.

दुसरा आक्षेप असा की, तुटपुंजी का होईना, रक्कम मध्यस्थांविना थेट खात्यात येते, तेव्हा तिच्यावर टीका करणे हे शेतकऱ्याच्या हिताचे नाही. थेट हस्तांतरणाचा हा लाभ निर्विवाद आहे व मदत बंद करावी असा येथे निष्कर्ष नाही. उलट ज्यांना ती मिळायला हवी त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, हीच तक्रार आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, अनुदानाच्या योजनांनी 'माफी' ते 'सन्मान' असा शाब्दिक प्रवास केला असला तरी शेतकऱ्याची ओळख नमुना सातवरील नावापुरतीच ठेवली आहे. दोन, 'असूड'पासून 'पीपली लाइव्ह'पर्यंतच्या कलाकृतींनी कागद आणि शेत यांतील अंतर धोरणकर्त्यांच्या आधी ओळखले. जरी स्त्री शेतकऱ्याच्या बाबतीत त्यांचीही दृष्टी अपुरी पडली. तीन, हे अंतर केवळ ग्रामीण भागाचा प्रश्न नाही. भांडुपसारख्या उपनगरातील कुटुंबे या अंतराच्या एका टोकाला उभी आहेत आणि दुसऱ्या टोकाला, बहुधा त्यांच्याच घरातील, एक बाई पावसात भाताची लावणी करीत आहे.

साहित्यात पात्राची योग्यता त्याच्या कृतीवरून ठरते. शेतकऱ्याच्या बाबतीत शासनानेही हीच कसोटी स्वीकारावी, एवढी माफक अपेक्षा या चिकित्सेच्या अखेरीस व्यक्त करता येते. ती मान्य झाल्यास सन्मान हा शब्द योजनेच्या नावातून व्यवहारात उतरू शकेल.